पिवळ्या तापाची सुई

आज दुपारी भाटघरला आमच्या आबांना अग्नी मी दिला. मान थोरल्या दादाचा होता.

आबा सीरियस आहेत कळल्यावर दादा काल केनियाहून मुंबईला उतरला. पिवळ्या तापाच्या लसीचं कार्ड नाही, म्हणून त्याला सहा दिवस तिथंच विलगीकरणात अडकवलंय. अंगात ताप नाही, काही नाही.

केनियाला जाण्याआधी तो लस घ्यायला पुण्याला निघाला होता. मीच अडवलं, "लहानपणी वैदूनं तुझी कावीळ उतरवलीय की. सुई कशाला?" पिवळा ताप म्हणजे कावीळ नाही, तो डासांमुळे होणारा वेगळाच आजार आहे, हे काल कळलं.

सकाळी आबा गेल्याचं कळवलं तेव्हा दादा फोनवर रडला, "माझ्यासाठी थांबा."

"सहा दिवस मढं कोण ठेवतं?" मी म्हटलं.

स्मशानात लोक बोलले, "थोरल्याला बापाची पर्वा न्हाई."

मी मान डोलावली.

मी इथं लिहिलेलं हे दादा वाचेलच. कुठल्या तोंडानं त्याला आणायला जाऊ?