मास्तरांनी न ऐकलेलं वाक्य

गल्लीच्या तोंडाशी असलेल्या दुकानात मास्तर एकतीस वर्षं कोट शिवत होते. कापड दहादा बघितल्याशिवाय कात्री लावायची नाही, असा माणूस. बोलायचं खातं बायकोकडे. ती शेजारी बसून काजं करायची आणि अखंड बोलायची. "मास्तरांच्या मशीनला दोरा तरी लागतो, वहिनींच्या तोंडाला तोही नको," असं गिऱ्हाइकं म्हणायची, आणि त्यावर सगळ्यांत आधी तीच हसायची.

एका सकाळी ती अंघोळ करून बाहेर आली आणि भिंत धरून खाली बसली. अर्धांगाचा झटका आला होता. उजवा हात लुळा पडला, वाचा गेली. डोकं शाबूत होतं. सगळं कळायचं, शब्द तेवढा सापडायचा नाही. बोलायला शिकवणाऱ्या बाई आठवड्यातून दोनदा यायच्या. त्यांनी मास्तरांना बजावलं, "त्यांच्या तोंडून शब्द येईपर्यंत थांबायचं. दोन मिनिटं लागली तरी चालतील. तुमचं लक्ष हललं, की त्यांना वाटतं आपला त्रास होतोय."

मास्तर थांबायचे. चार महिन्यांत "पाणी" आलं, "नको" आलं. "अहो" आलं त्या दिवशी मास्तर मोरीत जाऊन रडले.

त्याच सुमारास परगावी राहणारी मुलगी भेटायला आली आणि जाता जाता दुकानाचे फोटो टाकायला तिने बापाच्या फोनवर पान उघडून दिलं. पहिल्याच कोटाला दोनशे लोकांनी पसंतीचे अंगठे दिले. जन्मभर "ठीक बसलाय" यापलीकडे कौतुक न ऐकलेला माणूस तो, हुरळून गेला. टिंग झालं की पाय मशीनवरून निघायचा. एका कोटाला त्यांनी दोन्ही बाह्या डाव्याच जोडल्या. गिऱ्हाईक वीस वर्षांचं जुनं. ते पुन्हा कधी आलं नाही. मास्तरांनी त्याचंही फार मनावर घेतलं नाही.

आणि मग ती दुपार. बायको खिडकीशी खुर्चीत, मास्तर समोर स्टुलावर.

"मला..." ती म्हणाली. "मला ते..."

मास्तर पुढे झुकले. इतके शब्द एका ओळीत पहिल्यांदाच येत होते. तिच्या कपाळाची शीर ताठ झाली होती, डावा हात हवेत काहीतरी शोधत होता.

"मला ते तुम्हाला..."

खिशात टिंग झालं. मास्तरांची नजर खाली गेली. पापणी लवायला लागतो तेवढाच वेळ. वर पाहिलं, तर तिचा हात मांडीवर येऊन पडला होता.

"अगं, बोल ना. काय सांगत होतीस?"

तिने मान हलवली.

"मेला फोन आहे गं तो, काही नाही. बोल."

"नको," ती म्हणाली. अगदी स्पष्ट.

रागावली असती तरी बरं झालं असतं. ती समजूतदारपणे हसली, कामात असलेल्या माणसाकडे बघून हसतात तसं.

मास्तरांनी ते पान त्याच दिवशी बंद केलं. रोज चार ते पाच दुकानाचं दार लावून ते तिच्यापुढे बसू लागले. "पोरीबद्दल होतं? दुकानाबद्दल? माझं काही चुकलं?" प्रत्येकाला ती नुसती नकारार्थी मान हलवायची. पाणी मागायची, नको म्हणायची. वाक्याच्या वाटेला पुन्हा गेली नाही. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "मास्तर, ओढून काढायला ते टाके नाहीत हो." अकरा महिन्यांनी दुसरा झटका आला आणि त्यात ती गेली.

सुतकाचे दिवस सरल्यावर मुलीने विचारलं, "बाबा, त्या दुपारी काय असेल हो आईच्या मनात?"

"दूध उतू जातंय, एवढंच असेल," मास्तर म्हणाले. "तिचं काही सांगता यायचं नाही." मग त्यांनी खिडकीशी असलेल्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. "पण तेही मला ऐकायचं होतं गं."