पाण्याखाली गेलेला काठ

जबलपूरहून निघताना बायकोनं विचारलं, "समुद्र शिकवायला निघालात, पण तुम्ही स्वतः कधी पाहिला?" मी म्हणालो, "बावीस वर्षं शिकवतोय." हे तिच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं, हे मला इटारसी मागे पडल्यावर कळलं.

कॉलेजची अकरा मुलं घेऊन रत्नागिरीजवळच्या एका खाडीवर उतरलो. कांदळवनाचा (खाऱ्या चिखलात वाढणाऱ्या झाडांचा) नकाशा करायचा होता. उपग्रहाचं चित्र हाती होतं. पाण्याचा काठ मात्र चालत जाऊन मोबाइलच्या जीपीएसवर टिपायचा होता. ते काम जबलपूरच्याच घमापूर भागातल्या पल्लवीकडे. याच नकाशावर तिची पुढच्या प्रशिक्षणासाठीची निवड ठरणार होती, म्हणून ती सकाळी आठलाच चिखलात उतरली.

दुपारी खाडीकाठी राहणाऱ्या सुनंदाताईंच्या घरी तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) कालवण होतं. शाकाहारी मुलांनी सोलकढीवर भागवलं. त्यांच्या वाट्याचं कालवणही मी संपवलं आणि मग शिस्तीवर बोललो.

जेवून सगळे काठावर गेलो. पल्लवीचे बिंदू उघडले, तर ते शंभरेक पावलं आत, भर पाण्यात.

"पल्लवी, तू पाण्यावर चालून राहिली होती का?" पोरं हसली.

"नाही सर. मी काठावरच होते. सच में."

"मग काठ कुठं गेला? पुसून टाक ते. नव्यानं घे."

तिनं मान खाली घालून बिंदू पुसले. मी नर्मदेच्या घाटावर वाढलेला माणूस. सकाळी सोडलेला काठ दुपारी तिथंच सापडतो, ही माझी पक्की समजूत.

बाजूला टोपली धुणाऱ्या सुनंदाताई म्हणाल्या, "मास्तर, पोरीला काय बोलताय? सकाळी सुकती (ओहोटी) होती, आता भरती आहे. मी तिच्या बाजूलाच तिसऱ्या काढत होते की."

भरती-ओहोटीची आकृती मी फळ्यावर डोळे मिटून काढतो. चंद्रासकट.

"पल्लवी, पुसलेलं परत येतं का?"

"नाही जी."

भरतीचा काठ तिनं त्याच दुपारी वेळेसकट टिपला. दुसऱ्या दिवशी अकराची बस होती. ओहोटी नवाच्या सुमारास, असं सुनंदाताईंनी सांगितलं. साडेआठलाच मी वही घेऊन पल्लवीच्या मागे चिखलात. ती बिंदू घेई, मी वेळ लिही. विसाव्या बिंदूला मी गुडघ्यापर्यंत रुतलो.

"सर, पहले वही द्या."

"आणि मी?"

"तुम्ही कुठं जाऊन राहिले आता?"

वही सुखरूप निघाली. नंतर मीही निघालो, एक चप्पल कोकणाला देऊन. बस सुटायला दहा मिनिटं असताना शेवटचा बिंदू झाला.

जबलपूरला पल्लवीनं नकाशा मांडला. दोन निळ्या रेषा, मधे चिखलाचा तपकिरी पट्टा. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "यातला खरा काठ कोणता?"

"दोन्ही, सर. बाजूला वेळ लिहिली आहे."

तिची निवड झाली. मी मागच्या बाकावर होतो.

आता कुणाची नोंद जगावेगळी आली की मी विचारतो, "किती वाजता उभा होतास?" पूर्वी विचारत असे, "काहून चुकलास?"