मागच्या खोलीतला तांदूळ

दुष्काळ सरला त्या पावसाळ्याची गोष्ट. भंडारदऱ्याच्या खालच्या अंगाला आमचं गाव. तिथे पाऊस लागला की पंधरा-पंधरा दिवस ऊन दिसत नाही. सासू तापातून उठली होती आणि तिच्या पेजेला घरात मूठभर तांदूळ नव्हता. रेशनच्या दुकानात गेले, तर दुकानदाराने "तांदूळ आलाच न्हाई" म्हणत माझं कार्ड भर रांगेत चिखलात भिरकावलं. मी ते उचललं, पदराला पुसलं.

श्रावणात त्याच्या दुकानाची भिंत झिरपली आणि आत घोटाभर पाणी साचलं. गावात साफसफाईची कामं मी आणि माझी जाऊ करायचो, म्हणून त्याने आम्हालाच बोलावलं. पाणी उपसलं, गाळ खरवडला, भिंतीला चुना मारला, तरी कुबट वास जाईना. तो मागच्या बंद खोलीतून येत होता.

"शेटजी, ती खोली उघडावी लागंल. न्हाईतर बुरशी पुढच्या मालावर चढंल."

"तिकडं जायचं न्हाई."

पण दोन दिवसांनी गव्हाच्या पोत्यांवर पांढरी बुरशी दिसली, तेव्हा त्याने किल्ली दिली. "आतल्या आत हलवा. बाहेर काही काढू नका."

आत आढ्यापर्यंत तांदळाची पोती. खालचा थर भिजून काळा पडलेला. जाऊ माझ्याकडे बघत राहिली.

"आज न्हाई," मी म्हणाले. "ऊन पडू दे."

चार दिवस फरशी पुसत, कडुनिंबाचा धूर करत काढले. पाचव्या दिवशी उघडीप झाली. बाजाराचा वार होता. दुकानदार जेवायला घरी गेला आणि आम्ही एकेक पोतं ओढत बाहेर आणलं, तोंडं सोडली, तांदूळ गोणपाटावर पसरला.

बाजारातली माणसं थांबली. "कुणाचा गं हा?"

"तुमचाच. आलाच न्हवता म्हनं."

तो धावत आला. "आत घ्या ते." कुणी हललं नाही. मग हळू आवाजात मला म्हणाला, "तू मुद्दाम केलंस."

"व्हय," मी म्हणाले.

बाजारातल्या कुणीतरी कळवलं आणि दिवस मावळायच्या आत तालुक्याहून पुरवठा खात्याची माणसं आली, पंचनामा झाला, दुकानाला सील लागलं. महिन्याभराने त्याची बायको दारात उभी राहिली. दुसऱ्याची पोती चुकून तिथे ठेवली होती, एवढंच चौकशीत सांग म्हणाली. रडत होती. मी तिला पाट दिला, पाणी दिलं आणि नाही म्हणाले.

परवाना गेला. ते गाव सोडून गेले. वाईट वाटलं का, असं जाऊ अजून विचारते. त्याच्या बायकोचं वाटलं. त्याचं नाही.