किल्ली असलेला ओळखीचा

सिंगापुरात जुरोंग आयलंडला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये माझ्या शेजारी एक जर्मन इंजिनिअर बसायचा. प्लांट एकच, तो व्हॉल्व्ह बघायचा, मी पाइपिंग. एकदा कँटीनमध्ये ओळख करून देताना मी त्याला ‘माझा मित्र’ म्हणालो. परतीच्या बसमध्ये तो शांतपणे म्हणाला, “मी अजून तुझा मित्र नाही.”

मला राग आला. वडील साखर कारखान्यात बॉयलरवर होते, घरात कॉलेज पाहिलेला मी पहिला. कुणी जागा दाखवली की माझं डोकं फिरतं. म्हटलं, “मग कोण आहेस बाबा?”

“कोलेगे. बरोबर काम करणारा.” आणि मास्तरासारखा समजावत बसला. कुम्पल म्हणजे ज्याच्याबरोबर बिअर प्यायची, मॅच बघायची. बेकान्टर म्हणजे ओळखीचा. ओळख जन्मभराची असली तरी तो बेकान्टरच राहू शकतो, त्यात अपमान नाही. फ्रॉइंड म्हणजे खरा मित्र, ते दोन-तीनच असतात, फार तर.

“आमच्याकडे तंबाखूला चुना दिला तरी मित्र होतो,” मी म्हणालो.

“आणि अडचणीत धावून येतो, त्याला काय म्हणता?”

“आपला माणूस.”

“इथे आहे कुणी तुझा?”

“आहे ना! माझ्या घराची किल्ली असते त्याच्याकडे.”

खोटं नव्हतं ते. क्वीन्सटाउनला आमच्याच ब्लॉकमध्ये, खालच्या मजल्यावर एक पुण्याचं कुटुंब राहतं. तो आयटीत मॅनेजर. त्याचा मुलगा आणि माझी लेक एका शाळेत. रविवारचं जेवण कधी त्यांच्याकडे, कधी आमच्याकडे. वडील गेल्याचा फोन आला तेव्हा आम्ही हाताला लागेल ते घेऊन एअरपोर्टला पळालो. मागे घर त्यानं सांभाळलं, कढीपत्त्याच्या कुंडीला पाणीसुद्धा घातलं. आमच्या हॉलमध्ये शिरल्या शिरल्या बुद्धमूर्ती दिसते. आम्ही कोण, हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि त्यानं कधी काही विचारलं नाही. मला तेच मोठं वाटायचं. बायको मात्र म्हणायची, “अहो, जीव लावा, पण जरा बेतानं.”

एका सोमवारी लेक शाळेतून आली ती दप्तर आपटूनच. “पप्पा, त्याची मुंज झाली काल. बिग हॉल. एव्हरीबडी गॉट गो, ओन्ली वुई नेव्हर. व्हाय?”

संध्याकाळी मुलाचा बाप स्वतःच लाडवांचा डबा घेऊन वर आला.

“अरे, रागावू नकोस हं. सगळं घाईत ठरलं.”

“हॉल घाईत मिळतो का रे सिंगापुरात?”

तो हसला. मी हसलो नाही.

“तसं नाही राव. सगळं विधीचं, होमाचं. तुला कंटाळा आला असता. आणि तुमच्यात हे मानत नाहीत ना? म्हटलं, उगाच तुला अवघड नको.”

“अवघड कुणाला झालं असतं?”

त्यानं डब्याचं झाकण दाबून बसवलं. मग हळूच म्हणाला, “आई-बाबा आलेत पुण्याहून. समजून घे ना.”

समजलंच होतं. जर्मनकडे चार शब्द आहेत. आमच्याकडे दोन पुरतात, आमच्यात आणि तुमच्यात. त्याच्या लेखी रविवारी जेवायला मी आमच्यातला, हॉलमध्ये तुमच्यातला.

“ठीक आहे,” मी म्हणालो. “आमची किल्ली तेवढी दे. कुलूप बदलतोय.”

कुलूप बदलायचं नाही हे त्याला कळलं. का, म्हणून त्यानं विचारलं नाही. खाली गेला, किल्ली आणली, माझ्या हातावर ठेवली. त्यानं एकदा तरी ‘का रे?’ म्हणावं म्हणून मी दारात थांबलो होतो. तो जिना उतरून गेला.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये मी जर्मनला सगळं सांगितलं. तो म्हणाला, “बेकान्टर. किल्ली असलेला बेकान्टर.” सांत्वन करायची त्याची रीत नव्हती. पुढे त्याचं कॉन्ट्रॅक्ट संपलं आणि तो मायदेशी गेला. निघताना हात मिळवला. मी कोण झालो होतो, ते मी विचारलं नाही.

बायको म्हणाली, “किल्ली कुणाकडे तरी ठेवायला हवी.” दोघांनी बराच विचार केला. मग तिनं ती ड्रॉवरमध्ये टाकली.

परवा कामावरून आलो तर लेक ब्लॉकच्या खाली, व्हॉइड डेक म्हणतात त्या मोकळ्या जागेतल्या दगडी बाकावर बसलेली. घामानं युनिफॉर्म भिजलेला. किल्ली सकाळी घरातच विसरली होती. एरवी खालच्या अंकलकडून घेऊन वर गेली असती.

“अंकलनी बोलावलं होतं,” ती म्हणाली. “घरी येऊन बस म्हणाले, ज्यूस देतो.”

“मग?”

“नो नीड लाह, म्हटलं.”

तिचं दप्तर मी खांद्यावर घेतलं. लिफ्ट त्यांच्या मजल्यावर थांबली, दार उघडलं. बाहेर कुणी नव्हतं. दार मिटेपर्यंत लेकीनं माझ्याकडे बघितलं नाही, आणि मी तिच्याकडे.