शेपटीनं टांगलेले बोंबील

साठ सालाच्या आसपासची गोष्ट. ट्रेनिंग कॉलेजात आमच्या चित्रकलेच्या बाईंनी फर्मान काढलं: काळी शाई, कुंचला आणि कोरा कागद, बाकी काही नाही. तीन दिवसांत डहाणूच्या किनाऱ्याचं चित्र काढायचं. एकच चित्र ठाण्याच्या प्रदर्शनाला जाणार. ते माझंच, हे मी धरूनच चालले होते. वर्गात कोळ्याची मुलगी मी एकटी. बोंबील वाळत घालण्यातच माझं लहानपण गेलेलं.

माझ्या बाकावर तलासरीकडच्या डोंगरातली, भात-नागली पिकवणाऱ्या घरातली मुलगी बसायची. समुद्र तिनं इथं येऊनच पाहिला. तीही बोंबलाच्याच दोऱ्या काढायला बसली तेव्हा मला हसू आलं.

मी एकेका माशाचे डोळे, कल्ले कोरत बसले. संध्याकाळपर्यंत कागदाचं काजळ झालं. तिनं कुंचला भरभरून आकाश काळंभोर केलं आणि मासे कोरेच सोडले. भर दुपारी उन्हात चमकून ते डोळ्यांना टोचतात ना, अगदी तस्से. आमच्या अंगणातलं ऊन या डोंगरातलीनं उचलून नेलं! माझा नुसता जळफळाट झाला.

मग माझ्या लक्षात आलं. आम्ही दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी दोरीवर टाकतो, शेपट्या खाली. तिनं मासे शेपटीनं टांगले होते, तिच्या घरी बियाण्याची कणसं देठाला बांधून टांगत तसे. तेव्हाच सांगितलं असतं तर दुसरा कागद घ्यायला तिला अजून दोन दिवस होते. मी म्हटलं, "छान झालंय गं."

बाईंनी तिचंच चित्र निवडलं. मला राहवेना. "बाई, बोंबील असे टांगतच नाहीत!" बोटांत बोटं अडकवून मी दाखवलंसुद्धा. वर्ग हसला.

ती माझ्याकडे वळली. "तवा तर तू छान म्हणालीस."

बाई घाटावरच्या, मासा न खाणाऱ्या. "चुकीचं कसं पाठवायचं?" म्हणत त्यांनी माझं चित्र पाठवलं.

महिन्याभरानं ते परत आलं तेव्हा मी ते घरी नेलं. आई बाजारातून रिकामी पाटी घेऊन आली होती. तिनं कागद हातात धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"यात बोंबील कुठं हाय गो?"