पिशवीतली दुसरी जोडी

यवतमाळला मुलीचा बॉक्सिंगचा सराव सामना होता, म्हणून दिग्रसहून सकाळच्या एसटीने आम्ही दोघी आलो होतो. हॉलमध्ये बाकावर शेजारी एक गृहस्थ बसले होते, खांद्यावर दुपट्टा टाकलेला. मुलीचे ग्लोव्हज त्यांनी पाहायला मागितले. ठोसा बसतो त्या जागी अंगठा रोवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"याच्यातला फोम बसून गेला, ताई. उनात वाळवता काय?"

"वास येतो ना," मी म्हणाले.

"उनानं चामडं तडकते. आतून कोरड्या फडक्यानं पुसाचे अन् तोंड उघडं ठेवून सावलीत वाळवाचे."

मग पिशवीतून जाड फोमची दुसरी जोडी काढून त्यांनी मुलीच्या हातात चढवली, पट्टे स्वतः आवळले. नावं पुकारली तेव्हा कळलं, समोरची मुलगी त्यांचीच होती. मी ओशाळले.

"तुमच्याच पोरीला लागेल की."

"लागनच. पण कमी लागन. अन् तुमच्या पोरीचा हातबी शाबूत राहीन. उद्या दोघींले शाळेत जाचं हाये."

माझी मुलगी जिंकली. त्यांनी लेकीचं नाक पुसलं, माझ्या मुलीची पाठ थोपटली आणि परत मिळालेले ग्लोव्हज पंख्याखाली उघडे धरून बसले. नाव विचारायचं राहूनच गेलं.

आता सामन्याआधी मी मुलीचे ग्लोव्हज दाबून पाहते. मग समोरच्या मुलीच्या आईकडे जाते आणि तिलाही दाबून पाहायला देते.