त्यांच्या खिशातला खडू

हडपसरला आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका वयस्कर मेकॅनिकचं गॅरेज आहे. मी शाळेच्या मुलांची व्हॅन चालवतो. गाडी जुनी, म्हणून दरवर्षी आरटीओच्या पासिंगच्या आधी त्यांच्याकडे न्यायचो. ते बोलायचे कमी. शर्टाच्या खिशातून खडू काढायचे आणि गाडीवर खुणा करत फिरायचे. ढिला हँडब्रेक, भलतीकडेच उजेड पाडणारा हेडलाइट, गंजून भोक पडलेला पत्रा. जुन्या गाड्या नापास होतात त्या अशाच गोष्टींवर.

गेल्या वर्षी त्यांनी मागच्या दोन्ही टायरांवर खडूने फुली मारली. टायर पार गुळगुळीत झाले होते. मी म्हटलं, "पासिंगपुरते कुणाचे तरी चांगले टायर लावून द्या ना. सगळेच करतात."

"साहेब गाडी एक दिवस बघणार," ते म्हणाले. "पोरं वर्षभर बसणार हायत."

मी दुसरीकडून टायर मागून आणले, गाडी पास करून घेतली आणि संध्याकाळी जुनेच परत चढवले. दुसऱ्या दिवशी मुलांना घेऊन निघालो, तर त्यांनी गॅरेजसमोर हात करून थांबवलं. आधी टायर पाहिले, मग खिडकीतून मुलं. आणि बाजूला झाले.

त्याच आठवड्यात मी नवे टायर घातले.

या वर्षी गाडी त्यांच्यापुढे नेऊन उभी केली. खडू खिशातून बाहेर आलाच नाही.

"तुमची होतीय की पास," एवढंच म्हणाले, आणि शेजारच्या टेम्पोखाली शिरले.